पाच टक्केवाली व्हेप पेन: सवय नसलेल्याने घ्यावी का?

निकाल आधी सांगतो. ज्याला बिडी, सिगारेट, खर्रा, तंबाखू यातली कशाचीच सवय नाही, त्याने ही वस्तू, म्हणजे बॅटरीवर निकोटीनचा द्रव तापवून ओढायची ई-सिगारेट, घेऊ नये. फुकट मिळाली तरी नाही, आणि मित्राने ‘एक कश मारून पाह्य’ म्हणत हातात दिली तरी नाही. तिच्या बनावटीत दोष आहेत, ते पुढे येतीलच. पण खरी अडचण अशी की ती तिचं काम फार चोख करते. निकोटीन, म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य, काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचवायचं आणि घशाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हे ते काम. ज्याच्या अंगात निकोटीनची मागणीच नाही, त्याच्या अंगात ही मागणी तयार करण्यापलीकडे ती दुसरं काही देत नाही.

तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या आसपास किंवा मोबाइलवरच्या ओळखीतून जी मिळते ती बहुतेक वेळा डिस्पोजेबल, म्हणजे आतला द्रव संपला की फेकून द्यायची व्हेप असते. पोट्टे तिला ‘पेन’, ‘पॉड’ किंवा नुसतं ‘व्हेप’ म्हणतात. हायलायटर पेनाएवढी, नाहीतर साबणाच्या छोट्या वडीसारखी चपटी. आंबा, टरबूज, द्राक्ष, पुदिना असे स्वाद. डब्यावर ‘५%’ किंवा ‘५० मिग्रॅ/मिली’ आणि ‘१०,००० पफ’ असे मोठे आकडे. किंमत साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात. ब्रँडचं नाव इथे देत नाही, कारण आतली रचना सगळ्यांची जवळजवळ एकच असते. शिवाय विक्रीच बेकायदा असल्याने हातातला माल असली की नकली हे ग्राहकाला तपासता येत नाही. बिल मिळत नाही, वॉरंटी नाही, तक्रार करायला दुकानदारही नाही.

आत काय असतं? एक लिथियम-आयन सेल, हवेचा ओढा ओळखणारा छोटा सेन्सर, धातूच्या तारेची किंवा जाळीची कॉइल, तिच्याभोवती कापसाची वात आणि द्रवाने भिजलेला स्पंज किंवा छोटी टाकी. तोंडाने ओढलं की सेन्सर बॅटरी चालू करतो, कॉइल दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि वातीतल्या द्रवाचे बारीक थेंब होऊन बाहेर पडतात. लोक याला ‘पाण्याची वाफ’ म्हणतात. यात पाणी जवळपास नसतंच. द्रवाचा मोठा भाग प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीनचा असतो, बाकी स्वादद्रव्यं आणि निकोटीन. स्वादद्रव्यं खाण्याच्या पदार्थांत चालणारी असतील, पण पोटात गेलेला पदार्थ आणि तापवून फुप्फुसात ओढलेला पदार्थ यात फरक आहे. पोटाकडे आम्ल आहे, पुढे यकृत आहे. फुप्फुसाच्या पातळ पडद्याला असली राखण नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण सगळी फसगत तिथेच होते. ‘पाच टक्के’ ऐकलं की माणसाला वाटतं, एवढंसंच तर आहे. पण पाच टक्के म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. पेनमध्ये १० मिली द्रव असेल तर एकूण ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटीन असतं, पण जळताना बरंचसं वाया जातं आणि ओढणाऱ्याच्या अंगात जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम उतरतं. पेनमधलंही सगळं अंगात जात नाही. निम्मंच गेलं असं धरलं तरी अडीचशे मिलिग्रॅम होतात, म्हणजे दोनशेच्या आसपास सिगारेटींचं निकोटीन. ब्रिटनमध्ये द्रवात मिलीलिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही आणि टाकी २ मिलीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणजे एका वेळी ४० मिलिग्रॅम. आपल्याकडे गल्ल्याखालून निघणारी पेन त्याच्या बारापट भरलेली असू शकते. त्यामुळे ‘तिकडे तर डॉक्टरच व्हेप सांगतात’ हा दाखला या पेनला लागू होत नाही. तिकडची ती वस्तू वेगळी, आणि ज्याला ती सांगितली जाते तो माणूसही वेगळा. त्याबद्दल पुढे.

इतकं निकोटीन घशाला सहन कसं होतं, हे खर्रा घोटणाऱ्या माणसाला चटकन समजेल. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर टाकून रगडतात. चुना काय करतो? तंबाखू अल्कधर्मी करतो. अल्कधर्मी झालं की निकोटीन ‘मोकळं’ होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात उतरतं. चुना कमी पडला की खर्रा ‘लागत’ नाही, असं खाणारे सांगतात, त्यामागचं रसायनशास्त्र हे आहे. पण असं मोकळं निकोटीन धुरातून किंवा वाफेतून घशात गेलं तर झोंबतं, ठसका लागतो. जुन्या व्हेपमध्ये म्हणूनच निकोटीन जास्त घालता येत नसे. नव्या पेनमध्ये चुन्याच्या नेमकं उलट केलं आहे. बेंझॉइक आम्लासारखं आम्ल मिसळून निकोटीनचं लवण (सॉल्ट) बनवलं, त्यालाच ‘निक सॉल्ट’ म्हणतात. आम्लामुळे झोंबणं गेलं, घसा गुळगुळीत. फुप्फुसात उतरल्यावर मात्र तिथला पृष्ठभाग इतका मोठा आणि रक्त इतकं जवळ, की ते निकोटीन तरीही झटकन शोषलं जातं. खर्ऱ्यातलं निकोटीन रक्तात चढायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ घेतं. फुप्फुसातून ते मेंदूत पोचायला दहा ते वीस सेकंद पुरतात.

या वेगातच व्यसनाचं मूळ आहे. निकोटीन मेंदूत ज्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या रसायन धरणाऱ्या जागा) जाऊन बसतं ते मुळात ॲसिटिलकोलीन या शरीराच्याच रसायनासाठी असतात. निकोटीन तिथे बसलं की डोपामिन हे बक्षिसाची जाणीव देणारं रसायन सुटतं, आणि ‘हे पुन्हा कर’ असा निरोप मेंदूत नोंदवला जातो. कृती आणि बक्षीस यातलं अंतर जितकं कमी, तितकी नोंद पक्की. पुन्हा पुन्हा निकोटीन मिळू लागलं की मेंदू या ग्राहकांची संख्याच वाढवतो. मग ते रिकामे राहिले की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं. निकोटीन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसभर मागणी उठत राहते आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. ‘पेन ओढली की डोकं शांत होतं, अभ्यास होतो’ असं पोरं सांगतात आणि त्यांना ते खरंच तसं जाणवतं. पण ती शांतता म्हणजे आधीच्या कशाने मागे ठेवलेली बेचैनी मिटणं. ज्याला सवय नाही त्याला ती बेचैनीच नसते, त्यामुळे मिटवायलाही काही नसतं.

मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, आणि लक्ष, निर्णय, स्वतःला आवर घालणं सांभाळणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. याच वयात निकोटीनची पकड लवकर बसते. रोज ओढायला लागण्याआधीच, आठवड्यातून काही वेळा ओढणाऱ्या पोरांमध्येही तलफेची लक्षणं दिसू शकतात. ‘मी फक्त शनिवारी-रविवारी’ हा हिशोब म्हणूनच फसवा आहे.

पहिल्यांदा ओढणाऱ्याला काय होतं? दोन-तीन मोठ्या कशांत डोकं गरगरतं, तोंडाला लाळ सुटते, मळमळतं, हात-कपाळ घामेजतं, छाती धडधडते. तंबाखू पहिल्यांदा खाल्ल्यावर ‘लागली’ म्हणतात तेच हे, फक्त जास्त झटपट. शरीर त्या वेळी विषाची खूण देत असतं. अडचण अशी की थोड्याच दिवसांत शरीर सरावतं आणि ही खूण बंद होते. पोरगं समजतं, आता आपल्याला झेपतं. झालेलं एवढंच असतं की गजर मुका झाला.

दुसरी गोष्ट बनावटीची. सिगारेट दहा-बारा कशांत संपते. खर्ऱ्याची पुडी संपते, थुंकावं लागतं, वास येतो, दात रंगतात. या सगळ्या छोट्या छोट्या आडकाठ्या आहेत. पेनला त्यातली एकही नाही. वास गोड आणि दोन मिनिटांत विरणारा. राख नाही, माचीस नाही. होस्टेलच्या खाटेवर, एसटीच्या मागच्या सीटवर, रात्री अंगावर दुलई घेऊन, कुठेही एक कश. आणि एक कश कुठे संपला, दुसरा कधी सुरू झाला, याची मोजदाद राहत नाही. सिगारेट ओढणाऱ्याला आपण दिवसाला किती ओढतो हे सांगता येतं. पेनवाल्याला विचारा, तो ‘एक पेन आठवडाभर जाते’ एवढंच सांगेल. ती आठवड्याऐवजी पाच दिवस जायला लागली, मग चार, की समजावं मात्रा चढली.

‘व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक’ हे वाक्य विक्रेते हमखास ऐकवतात. त्याचा उगम २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. तुलना आहे पेटत्या सिगारेटशी, आणि उद्देश होता सिगारेट न सुटणाऱ्यांना पर्याय देण्याचा. धुरातला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पेनमध्ये नाही, त्यामुळे पक्क्या सिगारेटवाल्याने सिगारेट पूर्ण सोडून व्हेप धरली तर त्याचं नुकसान खूप कमी होतं, यात वाद नाही. सिगारेट सोडवायला निकोटीनच्या व्हेपचा उपयोग निकोटीनच्या गमपेक्षा किंवा कातडीला चिकटवायच्या पट्टीपेक्षा जास्त होतो, असंही चांगल्या दर्जाच्या चाचण्या सांगतात. ब्रिटनमधली २०१९ ची एक मोठी चाचणी घ्या. ८८६ जण, सगळे धूम्रपान करणारे. वर्षाअखेर व्हेपच्या गटात १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, गम-पट्टीच्या गटात ९.९ टक्के लोकांची. विक्रेता इथेच थांबतो. त्याच चाचणीतला पुढचा आकडा न ओढणाऱ्याने नीट वाचावा: सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेपच्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते, गम-पट्टीच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होतं. सिगारेटवाल्यासाठी हा सौदा परवडणारा असेल. ज्याच्याकडे सोडायला सिगारेटच नाही, त्याच्या वाट्याला फक्त दुसरा आकडा येतो. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सर ख्रिस व्हिटी यांचंही जाहीर सांगणं हेच आहे: सिगारेट ओढत असाल तर व्हेप त्यापेक्षा खूप सुरक्षित, ओढत नसाल तर व्हेप करू नका. त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपच्या विक्रीवर बंदी आणली आहे.

आणि आपल्याकडे सिगारेट-बिडी ओढतात तरी किती? २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात चारच्या आसपास होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे चोवीसच्या आसपास. म्हणजे ‘सिगारेटला पर्याय’ हा युक्तिवाद विदर्भातल्या खेड्यात लागू पडेल असे लोक मुळात थोडेच. इथला प्रश्न खर्ऱ्याचा आहे.

मग खर्रा सोडायला पेन चालेल का? हे बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर. खर्ऱ्यात एक नाही, दोन व्यसनं असतात. तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारीतलं अरेकोलीन. पेन निकोटीन देईल, सुपारीची मागणी तशीच राहील. शिवाय चघळण्याची, गालात धरून ठेवण्याची सवय पेनने भागत नाही. बहुतेक वेळा होतं असं की घरात आणि वर्गात पेन, वावरात आणि पानठेल्यावर खर्रा. दोन्ही चालू राहतात आणि निकोटीनची एकूण मात्रा वाढते. व्हेपने सिगारेट सुटते याचा पुरावा सिगारेटवाल्यांवरचा आहे. तो खर्ऱ्याला तसाच चिकटवता येत नाही. खर्रा खाणाऱ्याने आधी एक साधी तपासणी करावी: तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का पाहावं. जात नसतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठर लागत असेल, तर ही तोंड आखडण्याची सुरुवात असू शकते. ती मुख्यतः सुपारीमुळे होते आणि पुढे तिच्यातून कर्करोग होऊ शकतो. अशा माणसाने पेनचा विचार बाजूला ठेवून दंतवैद्याकडे जावं. त्याला निकोटीनचा गमही अनेकदा सोसत नाही, कारण चघळताना जळजळतं. पट्टी त्यापेक्षा बरी पडते.

तब्येतीच्या बाकी धोक्यांबद्दल थोडक्यात. निकोटीन नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. गरोदर बाईच्या अंगात गेलेलं निकोटीन वारेतून बाळापर्यंत जातं. द्रव संपत आला किंवा सलग कश मारले की वात कोरडी पडते, करपट चव लागते. तेव्हा ग्लायकोल-ग्लिसरीन जळून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी घसा-फुप्फुस भाजणारी द्रव्यं तयार होतात. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश वाफेत उतरल्याचंही तपासण्यांत दिसलं आहे. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं बिघडून २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. तो मुख्यतः गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपच्या काडतुसांतल्या (द्रवाच्या नळ्यांतल्या) ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’चा परिणाम होता. साध्या निकोटीन पेनवर तो सगळा ढकलणं बरोबर नाही. पण त्या काडतुसांचा मोठा वाटा बेहिशेबी बाजारातून आला होता, आणि आपल्याकडे तर सगळा बाजारच बेहिशेबी आहे. आत काय भरलंय हे डब्यावरून कळणार नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल असलेल्याच्या छातीत अचानक बिघाड होऊन जीव धोक्यात येऊ शकतो आणि धूम्रपानाने तो धोका वाढतो. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं हे वर आलंच आहे. घरात सिकलसेल तपासणीत मिळालेलं लाल-पिवळं कार्ड असेल तर धूर आणि वाफ दोन्हींबाबत एकच उत्तर ठेवावं: नाही.

विदर्भातल्या उन्हाचा विचार ही पेन बनवणाऱ्याने केलेला नाही. ब्रह्मपुरी-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. तापल्यावर ग्लिसरीन पातळ होतं आणि पेन तोंडाकडून किंवा चार्जिंगच्या भोकातून पाझरते. बोटांना, खिशाला लागणारा तो चिकट द्रव म्हणजे मिलीमागे ५० मिलिग्रॅम निकोटीन. तो कातडीतूनही आत जातो. लागला तर लगेच साबण-पाण्याने धुवावा आणि कपडा बदलावा. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तंबाखूचा काढा किडीवर फवारतात तो निकोटीनसाठीच. कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी मारतात ते इमिडाक्लोप्रिड निओनिकोटिनॉइड गटातलं, निकोटीनच्याच धर्तीवर बनवलेलं आणि किडीच्या त्याच प्रकारच्या ग्राहकांवर बसणारं. किडीवर त्याची पकड माणसापेक्षा किती तरी जास्त, हा फरक आहे. पण निकोटीन स्वतः माणसाच्या ग्राहकांना चांगलंच धरतं. ज्या घरात फवारणीची बाटली पोरांच्या हाताबाहेर ठेवतात, त्या घरात आंब्याच्या वासाची पेन उशीखाली पडलेली असू नये. लहान लेकराने ती चोखली किंवा द्रव गिळला तर ओकाऱ्या, लाळ, घाम, पांढरंफटक पडणं, मग सुस्ती किंवा झटके येऊ शकतात. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नये. १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावं, आणि पेन सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येतो.

बॅटरीबद्दल एक खास सूचना. भाव वाढेल म्हणून हंगामात घराच्या खोलीत कापूस भरून ठेवतात. त्याच खोलीत रात्रभर मोबाइलच्या चार्जरला लावलेली स्वस्त पेन म्हणजे आगीला आमंत्रण. या पेनचा सेल छोटा, त्यातलं संरक्षण सर्किट कधी कामचलाऊ, कधी नसतंच. फुगलेली, तडा गेलेली, ओली झालेली किंवा हाताला गरम लागणारी पेन चार्जिंगला लावू नये.

‘झिरो निकोटीन’ लिहिलेली घेतली तर? ऑस्ट्रेलियात शून्य निकोटीनचं लेबल असलेले द्रव तपासले तेव्हा त्यांतल्या कित्येकांत निकोटीन निघालं. आणि आपल्या कायद्याला त्याने फरक पडत नाही.

कायदा असा. भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे, आधी अध्यादेशाने आणि मग संसदेच्या कायद्याने. पदार्थ तापवून ओढण्याजोगा फवारा तयार करणारं यंत्र, मग त्यात निकोटीन असो वा नसो, या व्याख्येत येतं. ते बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात हा गुन्हा आहे: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जे पोरगं ‘मित्रांसाठी’ चार पेना मागवून वर दोनशे-दोनशे रुपये घेतं, ते कायद्याच्या नजरेत विक्रेता आहे. हे त्याला कुणी सांगत नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी सांगावं.

पालकांसाठी ओळखीच्या खुणा: दप्तरात पेनड्राइव्ह किंवा हायलायटरसारखी, पण टोकाला चपटी चोच असलेली वस्तू, घरात कुणी फळ कापलं नसताना येणारा फळांचा वास, नेहमी कोरडं पडणारं तोंड, वाढलेलं पाणी पिणं, दर अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर जाण्याची घाई, पेन हाताशी नसली की चिडचिड. सापडली तर मारझोड करू नये. मार खाल्लेलं पोरगं पेन सोडत नाही, लपवायची जागा बदलतं. किती दिवस झाले आणि सकाळी उठल्यावर पहिला कश कधी लागतो, हे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. उठल्यापासून पाच मिनिटांत लागत असेल तर अवलंबित्व जोरात आहे, अर्ध्या तासात लागत असेल तरी मदत घ्यायची वेळ झाली आहे. तासाभरानंतर लागत असेल तर घरच्या आधारावर सुटण्याची शक्यता चांगली.

ज्याला लागली आहे त्याने सोडायची कशी, तेही इथेच. कमी ताकदीच्या पेनवर उतरत जाण्याचा मार्ग ब्रिटनमध्ये आहे. इथे लेबलावर भरवसा नाही, म्हणून तो सांगत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवावा, परीक्षेचा किंवा घरच्या लग्नाचा नको. त्याआधीचे सात दिवस पेन फक्त ठरलेल्या वेळी आणि घराबाहेर ओढावी. खाटेवरचा आणि संडासातला कश पहिल्या दिवसापासून बंद. ठरलेल्या दिवशी पेन, चार्जर, मागवायचा नंबर, सगळं एकदम काढून टाकावं. बेचैनी काही तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. झोप बिघडते, भूक वाढते, राग येतो. हे सगळं ठरलेल्या वाटेने जाणारं आहे. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढ्या वेळात थंड पाणी घोट-घोट प्यावं, जागेवरून उठावं, हाताला काम द्यावं, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरावी. सुपारी नको, ‘साधी’ सुद्धा नको. या पंधरवड्यात पेन सोडून खर्ऱ्यावर गेलेले पोट्टे जागोजागी दिसतात, आणि खर्रा सोडणं त्याहून अवघड असतं.

प्रौढ माणसाला औषधाच्या दुकानातला २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मदत करतो, पण तो च्युइंगमसारखा चावत राहिला तर उपयोग होत नाही, उलट उचक्या आणि जळजळ होते. हळूहळू चावावा, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबावं आणि गाल-हिरडीच्या मध्ये धरून ठेवावा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावावं. असा एक गम अर्धा तास चालतो. त्याआधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, थंड पेय, लिंबूपाणी घेऊ नये. आम्लाने निकोटीन गालातून शोषलं जात नाही, चुन्याचं गणित इथे उलटं पडतं. अठरा वर्षांखालच्यांना, गरोदर बाईला आणि हृदयरोग्याला गम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारूनच. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ टोल-फ्री आहे, आणि जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी काम जिल्हाभर चालतं. तिथल्या लोकांनी तिकडेही जावं. ‘तंबाखू नाही, पेन आहे’ म्हणून संकोच करू नये. पकड निकोटीनचीच आहे.

टाकून देतानाही काळजी लागते. पेन उकिरड्यावर फेकली तर ढोरं-शेळ्या चघळतात, पऱ्हाटीच्या ढिगासोबत जाळली तर सेल फुटतो, विहिरीत किंवा नाल्यात टाकली तर द्रव पाण्यात उतरतो. तोंडाचं आणि चार्जिंगचं भोक चिकटपट्टीने बंद करावं, झाकणाच्या डब्यात कोरड्या रेतीत ठेवावी आणि तालुक्याला गेल्यावर जुने मोबाइल-बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरावाल्याकडे द्यावी. उघडून सेल टॉर्चला जोडण्याचे उद्योग करू नयेत.